फ्रिजवरचा तक्ता आणि पार्ल्याची क्रियापदं

प्रिय ताई,

माझं वय 41. नाशिकला एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळते. मिस्टरांची तीन वर्षांसाठी फ्रान्सला, तुलूझला बदली झाली आहे आणि येत्या जूनमध्ये आम्ही सगळेच जाणार आहोत. मुलगा आठवीत आहे, त्याला शाळेत फ्रेंच आहे. मीही चार महिन्यांपूर्वी क्लास लावला. शब्द पाठ होतात, पण क्रियापदांनी नाकी नऊ आणलेत. एकेका क्रियापदाची सहा रूपं, त्यात तीन गट, त्यावर काळ. फ्रिजवर तक्ते चिकटवलेत, भाजी चिरताना म्हणत असते. लेखी परीक्षेत मार्क बरे पडतात. पण मॅडम बोलायला लागल्या की पाठ केलेलं एकही रूप कानाला सापडत नाही. परवा त्यांनी विचारलं, काल कुठे गेला होतात? मी म्हटलं, ‘ज'ए आले...’ आणि वर्गातली कॉलेजची पोरं हसली. मुलगा म्हणतो, आई, तू इंग्लिशमधून विचार करतेस. किती क्रियापदं आणि किती काळ शिकले म्हणजे माझं भागेल? की या वयात नाद सोडून देऊ?

तक्त्यात अडकलेली, नाशिक

सप्रेम नमस्कार.

आधी मुलाला शाबासकी द्या, त्याने दुखणं बरोबर ओळखलंय. औषधाकडे मी येतेच. नाद सोडायचं नाव मात्र काढू नका, जून काही पुढे ढकलला जाणार नाही.

आज घरी गेलात की फ्रिजवरचे तक्ते काढा. फाडू नका, वहीत ठेवा, लिहायची वेळ आली की लागतील. पण तक्ता ही डोळ्यांची सोय आहे आणि तुमची तक्रार कानांची आहे. तुम्ही सहा वेगवेगळी रूपं ऐकू यायची वाट बघत बसता, मॅडमच्या तोंडून येतात दोन किंवा तीन. मग सापडणार कुठून?

‘बोलणे’ हे क्रियापद घ्या, प्रत्येक क्लासात पहिलं तेच असतं. मोठ्याने म्हणा: ज पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल. (हा ‘ज’ जीभ न टेकवता मऊ म्हणायचा.) तक्त्यात ‘मी’च्या रूपाशेवटी ई, ‘तू’च्या शेवटी ई-एस, ‘ते’च्या शेवटी ई-एन-टी अशी अक्षरांची लांबलचक शेपटी. तोंडात त्यातलं काहीही उरत नाही. चार वेळा ‘पार्ल’, आणि वेगळी फक्त दोन. त्यातलं ‘नू पार्लों’ रोजच्या बोलण्यात फारसं येतच नाही. ‘आम्ही’साठी फ्रेंच माणूस घरी-दारी ‘ओं’ वापरतो, आणि ‘ओं’ला पुन्हा तेच ‘पार्ल’. आपण कसं ‘आपण जाऊ या’ म्हणतो, त्या ‘आपण’च्या जवळचा हा ‘ओं’ आहे. म्हणजे बोलण्यापुरतं उरलं काय? ‘पार्ल’ आणि ‘पार्ले’. सहा ओळींचा तक्ता दोन शब्दांवर आला.

आणि ही काही एकट्यादुकट्याची गोष्ट नव्हे. फ्रेंचमधली दहातली नऊ क्रियापदं शेवटी ई-आर असलेली, म्हणजे याच चालीची आहेत. नवीन येतात तीही याच दारातून. आपण लाइक ‘करतो’, स्क्रोल ‘करतो’, सगळा भार बिचाऱ्या ‘करणे’वर. ते लोक परक्या शब्दाला ई-आर जोडून ‘लाइके’, ‘स्क्रोले’ म्हणून मोकळे होतात. या चालीचा सणसणीत अपवाद म्हणून ‘आले’, म्हणजे ‘जाणे’, हे एकच लक्षात ठेवा. त्याच्याकडे नंतर वळू, कारण पोरं हसली ती त्याच्यापायी.

आता ‘ज’ आणि ‘त्यु’ यांच्याविषयी. मराठीत कर्ता गाळला तरी चालतं. ‘येतेस का?’ म्हटलं की समोर ‘तू’ आहे आणि ती बाई आहे, एवढं सगळं त्या ‘तेस’मध्ये आलं. आपल्या क्रियापदाची सगळी माहिती शेपटीत. फ्रेंचच्याही शेपटीत एके काळी ती होती. शतकानुशतकं बोलून बोलून झिजली आणि कागदावर नुसतं स्पेलिंग उरलं. मग कोण बोलतंय हे कळायचं कसं? तर डोक्यावरून. म्हणून ‘ज’ला ‘मी’ समजू नका. तो सुटा शब्द नाहीच, क्रियापदाच्या कपाळावरची टिकली आहे. दार वाजलं आणि आतून ‘कोण?’ आलं तर फ्रेंच माणूस ‘ज’ म्हणत नाही, ‘म्वा’ म्हणतो. ‘म्वा’ म्हणजे आपला सुटा, एकटा उभा राहणारा ‘मी’. तेव्हा पाठांतर करताना ‘पार्ल, पार्ल, पार्ल’ असं कधीही म्हणू नका. ‘जपार्ल, त्युपार्ल, ओंपार्ल’ असं एका दमात म्हणा. लहान मूल ‘मलापण’ हा एकच शब्द आहे असं समजतं ना, तस्सं.

उरलेल्या दोन गटांना तुम्ही उगाच घाबरलात. तिथेही कानासाठी एकच खूण पुरते: एकवचनात शेवटचं व्यंजन गिळलं जातं, ‘ते’ म्हणताना ते वर येतं. ‘तो संपवतो’ म्हणजे इल फिनी, ‘ते संपवतात’ म्हणजे इल फिनिस. निघतो: इल पार. निघतात: इल पार्त. झोपतो: इल दॉर, झोपतात: इल दॉर्म. तो विकतो: इल वां, ते विकतात: इल वांद. शेवट ऐका, एकटा की घोळका ते कळेल. दुसरा गट की तिसरा, ही चौकशी परीक्षेच्या आदल्या रात्री करा.

मात्र चार क्रियापदं अशी आहेत की तिथे सवलत नाही: असणे, जवळ असणे, जाणे, करणे. एत्र, आव्वार, आले, फेर. ही तक्त्यानेच पाठ करायची, पाढ्यांसारखी, झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत. यांची ‘ते’ची रूपं यमक जुळल्यासारखी आहेत: सों, ओं, वों, फों. आणि इथेच कान फसतो. ‘ते आहेत’ म्हणजे ‘इल सों’. ‘त्यांच्याकडे आहे’ म्हणजे ‘इल्झों’. ‘ते’साठीचा ‘इल’ लिहिताना शेवटी एस असतो, एरवी मुका, पण पुढे स्वर आला की जागा होतो आणि ‘माझा’मधल्या ‘झ’सारखा वाजतो. अख्खा फरक तेवढ्या एका झ-स चा.

मी पहिल्यांदा फ्रान्सला गेले तेव्हा एका आजींकडे खोली घेऊन राहत होते. पहिल्या संध्याकाळी त्यांनी वरच्या मजल्याकडे बोट करून सांगितलं, ‘इल्झों दे श्यँ.’ म्हणजे, वरच्यांकडे कुत्री आहेत. मी ऐकलं ‘इल सों दे श्यँ’, म्हणजे वरचे लोक कुत्रे आहेत. पहिल्याच दिवशी एवढी कडक माहिती मिळाल्यावर मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली आणि पुढचे चार दिवस जिन्यात त्या बिचाऱ्या नवरा-बायकोला टाळत राहिले. पाचव्या दिवशी कुत्री भेटली. दोन, गुबगुबीत, अगदी गरीब स्वभावाची. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वर्गाला पहिल्या आठवड्यात मी ‘सों’ आणि ‘झों’ डोळे मिटून ऐकायला लावते. तुमच्या मुलाला सांगा, तो बोलेल आणि तुम्ही बोट वर करायचं: एक म्हणजे ‘आहेत’, दोन म्हणजे ‘त्यांच्याकडे आहे’. दहा मिनिटांचा खेळ आहे.

‘आव्वार’च्या निमित्ताने मुलाच्या निदानाकडे येते. इंग्रजीत भुकेलेला माणूस ‘आहे’, भूक हे तिथे माणसाचं विशेषण. त्या वाटेने गेलात की तोंडात ‘ज स्वी’, म्हणजे ‘मी आहे’, येतं आणि वाक्य बिघडतं. मराठीत आपण काय म्हणतो? मला भूक लागली. मला तहान लागली. मला भीती वाटते, मला थंडी वाजते. भूक, तहान, भीती, थंडी ही सगळी नामं, माणसाकडे येणाऱ्या वस्तू. फ्रेंचही त्यांना वस्तूच मानते, फक्त ती माणसाच्या हातात देते: ज'ए फँ, ज'ए स्वाफ, ज'ए पर, ज'ए फ्रवा. माझ्याकडे भूक आहे, माझ्याकडे थंडी आहे. वयाचंही तसंच, तुमच्या‘कडे’ 41 वर्षं आहेत. मराठीतून निघालात तर अर्धी वाट आधीच चाललेली आहे, इंग्रजीतून निघालात तर उलट्या गाडीत बसलात. तुलूझच्या उन्हाळ्यात ‘मला उकडतंय’ म्हणायचं असेल तर ‘ज'ए शो’ म्हणा. ‘ज स्वी शो’चा भलताच अर्थ होतो, तो मुलाला विचारू नका.

आता तुमचं ‘ज'ए आले’. मला विचाराल तर हसण्यासारखी चूक नाही ती, कारण तिच्या पोटात फ्रेंच भूतकाळाचं अख्खं मर्म आहे.

फ्रेंच भूतकाळ दोन तुकड्यांचा. पुढे एक मदतनीस, मागे झालेल्या क्रियेचं रूप. मदतनीस दोन: बहुतेकांना ‘आव्वार’, आणि थोड्यांना ‘एत्र’. ‘मी बोलले’ म्हणजे ज'ए पार्ले. ‘मी गेले’ म्हणजे ज स्वी आले. कोणाला कोणता मदतनीस, यासाठी पुस्तकांत पंधरा-सोळा क्रियापदांची यादी असते आणि मुलं ती मंत्रासारखी घोकतात. तुम्ही घोकण्याआधी स्वतःच्या तोंडातलं मराठी ऐका.

मी आंबा खाल्ला. मी पोळी खाल्ली. मी आंबे खाल्ले. बोलणारी तुम्हीच, पण क्रियापद तुमच्याकडे ढुंकून बघत नाही, ते ताटाकडे बघून लिंग-वचन ठरवतं. उलट: मी गेले, तो गेला, ती गेली, ते गेले. इथे खायचं-प्यायचं काही नाही, म्हणून क्रियापद कर्त्याकडे बघतं. फ्रेंचमध्येही थेट हीच फाळणी आहे. ‘एत्र’वाली क्रियापदं कर्त्याशी जुळतात. तुम्ही बाई असल्यामुळे ‘ज स्वी आले’ लिहिताना ‘आले’ला एक जास्तीची ई लावायची, तुमच्या मिस्टरांनी लावायची नाही. आणि ‘आव्वार’वाली कर्त्याला विचारत नाहीत, विचारलंच तर कर्माला.

यादी बघा: गेले, आले, पोचले, निघाले, आत शिरले, बाहेर पडले, वर चढले, खाली उतरले, राहिले, पडले, जन्मले, मेले. फ्रेंच ‘एत्र’वाल्यांची यादी जवळजवळ हीच, आणि ही सगळी मराठीतही कर्त्याकडे बघणारी. त्याहून गंमत म्हणजे, ‘मी उतरले’ हे ज स्वी देसांद्यु. पण ‘मी बॅग उतरवली’ म्हटलं की कर्म आलं, मराठीत क्रियापद बॅगेकडे वळलं, आणि फ्रेंचनेही मदतनीस बदलला: ज'ए देसांद्यु ला वालीझ. एवढं सख्ख्या बहिणीसारखं वागणं इंग्रजीत शोधून सापडणार नाही.

उलट बाजूने मात्र हा हिशेब लावू नका. मी झोपले, मी हसले, मी धावले, मी चालले ही मराठीत कर्त्याकडे बघतात, फ्रेंचमध्ये सगळी ‘आव्वार’कडे गेलीत. आपल्याकडेही ‘मी चहा प्यायले’, ‘मी फ्रेंच शिकले’ असे घरभेदी आहेतच. म्हणून गाळणी दोनदा लावा. क्रियापद कर्त्याकडे बघतंय का? बघत असेल तर त्यात जाणं-येणं, चढणं-उतरणं, जगणं-मरणं यातलं काही आहे का? दोन्हीला हो आलं तर ‘एत्र’. स्वतःच स्वतःला करायच्या क्रिया, म्हणजे उठणं, अंग धुणं, कपडे चढवणं, यांनाही ‘एत्र’च लागतं, पण त्या पुढच्या महिन्यात.

कर्माशी जुळण्याचं एक उदाहरण दाखवून हा विषय आवरते. ‘मी चिठ्ठी लिहिली’ म्हणजे ज'ए एक्री ला लेत्र. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणजे ला लेत्र क ज'ए एक्रीत. दुसऱ्यात शेवटी ‘त’ ऐकू आला, पाहिलंत? चिठ्ठी फ्रेंचमध्येही स्त्रीलिंगी. ती क्रियापदाच्या आधी आली तर क्रियापद तिच्याशी जुळतं, नंतर आली तर नाही. मराठीत चिठ्ठी कुठेही बसवा, ‘लिहिली’च. या अर्धवट नियमाचं खापर सोळाव्या शतकातल्या क्लेमां मारो या कवीवर फोडतात, त्याने इटालियनचा दाखला देऊन तो उचलून धरला होता. 2018 मध्ये बेल्जियममधल्या दोघा माजी शिक्षकांनी हा नियम काढूनच टाका अशी मागणी केली, तेव्हा मोठी राळ उडाली. बोलताना फ्रेंच लोकही तो सर्रास विसरतात. तुम्ही 2 वर्षं तरी त्याची चिंता करू नका.

आणि ‘आले’ या शब्दाविषयी एक. फ्रेंचमध्ये ‘आले’ म्हणजे गेले. आपण दारातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते हं’ म्हणतो. तेव्हा जाण्याला ‘आले’ म्हणणं मराठी बाईला अवघड जाऊ नये.

तुम्ही विचारलंत, किती काळ शिकू? जूनपर्यंत तीन पुरे. वर्तमान, हा दोन तुकड्यांचा भूतकाळ, आणि ‘जाणार आहे, करणार आहे’वाला भविष्यकाळ. तो तर फुकटच आहे: ‘जाणे’चं रूप आणि पुढे मूळ क्रियापद. ज वे मांजे, मी जेवणार आहे. ‘ओं वा मांजे’, आपण जेवणार आहोत. ‘वे, वा, वा’ एवढं आलं की जगातलं कुठलंही क्रियापद भविष्यात ढकलता येतं.

चौथा काळ तुलूझला गेल्यावर आपोआप लागेल आणि तोही मराठीत तयार आहे. ‘काल आजोळी गेलो’ आणि ‘लहानपणी आजोळी जायचो’, यातला फरक तुम्हाला कोणी शिकवला होता का? ‘गेलो’साठी दोन तुकड्यांचा भूतकाळ, ‘जायचो’साठी वेगळा, त्याला ते एंपार्फे म्हणतात. ‘उकडत होतं, पाऊस पडत होता’ ही पार्श्वभूमीही त्याच काळात. इंग्रजीतून शिकणारी मुलं इथे महिनोन्महिने ठेचकाळतात. मराठी माणसाने फक्त ‘ायचो’ आणि ‘त होतं’ ऐकू येतंय का ते बघायचं. कथा-कादंबऱ्यांत आणखी एक भूतकाळ भेटेल, बोलण्यात तो कोणी वापरत नाही. ओळख दाखवा आणि पुढे चला.

आता एक कबुली. कानाने शिका म्हणते खरी, पण लिहिताना कान दगा देतो. ‘पार्ले’ हा उच्चार मोजून बघा. मूळ क्रियापद ‘पार्ले’, ई-आर. ‘तुम्ही बोलता’चं ‘पार्ले’, ई-झेड. ‘बोलले’चं ‘पार्ले’, टोपीवाली ई, म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेली. ‘बोलायचो’चंही जवळजवळ ‘पार्ले’, आणि तुलूझकडे तर तो उरलासुरला फरकही मिटतो. मुंबईकरांना एक पार्ले पुरतं, यांना चार लागतात. फ्रेंच मुलंही यात धडाधड चुकतात, आणि त्यांच्या मास्तरांनी त्यांना एक युक्ती दिली आहे: शंका आली तर त्या जागी दुसऱ्या चालीचं क्रियापद, उदाहरणार्थ ‘विकणे’, बसवून बघायचं. ‘विकणे’ म्हणजे काय? वांद्र! ज्याचं झालेलं रूप ‘वांद्यु’. थोडक्यात, पार्ल्यात अडलात तर वांद्र्याला जा. ‘ज वे पार्ले’च्या जागी ‘ज वे वांद्र’ बसतं, म्हणून ई-आर. ‘ज'ए पार्ले’च्या जागी ‘ज'ए वांद्यु’ बसतं, म्हणून टोपीवाली ई. अर्थाचा बट्ट्याबोळ होऊ दे, स्पेलिंग सापडतं. वर्गात मी हे सांगते तेव्हा नाशिक-नगरची मुलं लिहून घेतात, मुंबईची मुलं पुढचं स्टेशन विचारतात.

एवढं जंजाळ लागतंच का, असं तुमच्या मनात आलं असेल. मॉरिशसमध्ये नाही लागलं. तिथली क्रियोल भाषा उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या तोंडी घडली, फ्रेंच कानाने ऐकून, कोणीही तक्ता न दाखवता. माणसागणिक बदलणारी रूपं त्यांच्या कानाला टिकाऊ वाटली नाहीत आणि त्यांनी ती सोडून दिली. मो मांझे, तो मांझे, ली मांझे: मी, तू, तो, सगळ्यांना एकच ‘मांझे’. भूतकाळ हवा तर आधी ‘ती’ लावा, चालू क्रियेला ‘पे’, भविष्याला ‘पू’. एकोणिसाव्या शतकात तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांची नातवंडं-पतवंडं आज हेच बोलतात. तुम्हाला फ्रान्समध्ये ही सूट मिळणार नाही, पण कान फ्रेंच क्रियापदातून नेमकं काय उचलतो ते यावरून दिसतं.

क्रियापदं किती? मी म्हणेन बारा. ती चार दांडगी, त्यानंतर शकणे, हवं असणे, करावं लागणे, येणे, घेणे, म्हणणे, माहीत असणे, ठेवणे. बाकी ई-आरवाली येतील तशी येऊ द्या. शकणे, हवं असणे आणि करावं लागणे ही तीन तर कमावती पोरं आहेत, त्यांच्यापुढे कुठलंही क्रियापद मूळ रूपात ठेवलं की काम झालं. त्याहून आळशी सोय हवी असेल तर ‘इल फो’ शिका. ‘भरावं लागतं’, ‘थांबायला हवं’ यात आपण जसं कोणाला ते सांगत बसत नाही, तसंच ‘इल फो’ आणि पुढे मूळ क्रियापद. सरकारी खिडकीवर पहिला आठवडा तुम्ही यावरच काढाल.

नकाराविषयी एक धोक्याची सूचना. वर्गात ‘ज न से पा’ शिकवतील, मला माहीत नाही. रस्त्यावर ते ‘शे पा’ होतं. दोन अक्षरांचा तो शिंकल्यासारखा आवाज म्हणजे शुद्ध फ्रेंच आहे, घाबरू नका. तुलूझची माणसं एका बाबतीत मात्र तुमच्यावर कृपा करतील: दक्षिणेत शेवटची मुकी ई थोडी म्हणतात, ‘पार्ल’चं ‘पार्ल-अ’ होतं, आणि ‘पँ’, म्हणजे पाव, ‘पेंग’सारखा ऐकू येतो. शब्द सुटे सुटे कानावर पडतात. क्लासातल्या रेकॉर्डिंगमध्ये पॅरिसचे उच्चार असतील, तेव्हा पहिले दोन दिवस भाषा बदलली की काय असं वाटेल.

‘त्यु’ आणि ‘वू’चा हिशेब तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही, आपण तू-तुम्ही करतच मोठे झालो. आपल्यासारखीच त्यांच्याकडेही त्यासाठी खास क्रियापदं आहेत, त्युत्वाये म्हणजे अरे-तुरे करणे आणि वूव्वाये म्हणजे अहो-जाहो करणे. फक्त घरात उलटापालट होते. तिथे बायको नवऱ्याला अहो म्हणत नाही. मिस्टरांना ऑफिसात पहिल्या दिवशीच कोणीतरी ‘ओं स त्युत्वा?’ विचारेल, म्हणजे ‘अरे-तुरे करू या ना?’ त्यांनी ‘वी’ म्हणायचं. तुम्ही दुकानात, शाळेत, शेजारच्या म्हाताऱ्यांशी ‘वू’वर राहा.

रोजचा सराव पंधरा मिनिटांचा, जेवताना. मुलाने विचारायचं, ‘केस क त्यु आ फे ओजुर्द्वी?’, आज काय केलंस? तुम्ही भाजी वाढता वाढता चार वाक्यं सांगायची: ज'ए त्रावाये, काम केलं. ज'ए मांजे दे पोहे. ज'ए पार्ले आव्हेक तमक्याशी. ज स्वी रांत्रे, घरी परतले. परतणं हे जाण्या-येण्यातलं, म्हणून ‘स्वी’, हे तुम्ही आता स्वतः सांगू शकाल. दर रविवारी ही वाक्यं फोनवर रेकॉर्ड करा आणि भाजी चिरताना तक्त्याऐवजी स्वतःचाच आवाज ऐका. पहिल्यांदा ऐकवत नाही, दुसऱ्या रविवारी सवय होते.

वयाचं म्हणाल तर माझ्या वर्गात 60 पुढचे लोक असतात. स्पेलिंगात पोरं त्यांच्या पुढे जातात. ‘ज'ए’ की ‘ज स्वी’ यात मात्र ज्यांचं मराठी पक्कं आहे ते कमी चुकतात, हे मी डोळ्यांनी बघत आलेय.

एकच वाक्य आत्ताच पाठ करून ठेवा, पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी लागेल. बेकरीत शिरताना आधी ‘बाँजूर’, त्याशिवाय काही मागायचं नाही. मग ‘ज वुद्रे’. आपण वाण्याला ‘मला अर्धा किलो साखर हवी होती’ म्हणतो, हवी आत्ता असते पण ‘होती’ म्हटलं की आवाज मऊ होतो, तसलं ते ‘वुद्रे’. कुठलं रूप, कुठला काळ ते विचारू नका, तो पुढच्या वर्षीचा धडा आहे. आणि चॉकलेट भरलेला तो खुसखुशीत पाव मागताना पुस्तकातलं ‘पँ ओ शोकोला’ म्हणू नका. तुलूझमध्ये त्याला शोकोलातीन म्हणतात, आणि त्या नावाबाबत तिथली माणसं कोल्हापूरकर तांबड्या रश्श्याबाबत असतात तितकीच हळवी आहेत.

तुमची,
ताई